रिसेप्शनवरची इंग्रजी

बोईसरच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कारखान्यात मी पॅकिंगला होते. बी. कॉम. झालेली. खोक्यांवरच्या इंग्रजी सूचना वाचून मीच बाकीच्या मुलींना सांगायचे. पण इंग्रजीत बोलायची वेळ कधी आली नव्हती, आणि येऊ नये अशीच माझी इच्छा होती. मग रिसेप्शनवरची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि ऑफिसच्या मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "सोमवारपासून तू पुढे बस." नाही म्हणायलाही धीर लागतो. तो नव्हता, म्हणून मी हो म्हणाले.

सोमवारी दुपारी सुटातले एक गृहस्थ आले. मी पाठ केल्याप्रमाणे "गुड आफ्टरनून, सर" म्हटलं. ते हसून म्हणाले, "हाऊ डू यू डू?"

मला त्यातलं 'डू' तेवढं कळलं. वाटलं, काय काम करतेस असं विचारतायत. मी म्हणाले, "पॅकिंग, सर."

ते हसले. वाईट हसले नाहीत, पण मागे मॅडम उभ्या होत्या. माझी कानशिलं तापली. संध्याकाळी मी मॅडमना म्हटलं, "मला परत पॅकिंगला पाठवा." त्यांनी कॉम्प्युटरवरून नजरही काढली नाही. "दुसरं कुणी मिळेपर्यंत बस," म्हणाल्या.

गेटवर बिहारकडचे एक वॉचमन होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी हे ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते काचेचं दार ढकलून आत आले.

"बिटिया, हम भी बस सलाम ठोकते हैं, मुँह से कुछ निकलता नहीं. दोनों साथ में सीखते हैं. हम साहब बनते हैं, तुम हमारा स्वागत करो."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते खरोखरच बाहेर गेले, जेवणाचा डबा बॅगेसारखा हातात धरला, छाती काढून आत आले आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग, मॅडम." मला हसू आवरेना. त्यांनी मात्र चेहरा जराही हलवला नाही. मी पुन्हा सुरुवात केली.

मग रोजचाच हा उद्योग झाला. मी मोबाइलवर शोधून काढायचे आणि आम्ही दोघं घोकायचो. 'हाऊ डू यू डू'ला उलट 'हाऊ डू यू डू'च म्हणायचं असतं, हे मी सांगितलं तेव्हा चाचा विचारात पडले. "सवाल का जवाब वही सवाल? फिर पूछा किसलिए?" संध्याकाळी भेटल्यावर 'गुड इव्हनिंग' आणि निघताना 'गुड नाइट', यातही त्यांचा बरेच दिवस गोंधळ व्हायचा.

घरी आई अंगणात सुके बोंबील निवडत असायची. आमचं गाव तारापूरजवळ, किनाऱ्याला. आई बाजारात मासे विकायची. मी भिंतीला टेकून पुटपुटायचे ते तिने ऐकलं.

"कोनाशी बोलते गं?"

"पाहुण्यांचं स्वागत करायला शिकतेय."

"मंग खाली काय बघते? आमी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून हाक मारतो. जमिनीला हाक मारली तर कोन येल?"

मला राग आला, पण खरं होतं. मान खाली घालून म्हटलेलं गुड मॉर्निंग टेबलालाच ऐकू जात होतं. त्यानंतर मी आधी मान वर करायची आणि मग तोंड उघडायचं असं ठरवलं. पहिलं दुसऱ्यापेक्षा अवघड होतं.

पुढे नवीन मशीन बसवायला जपानहून एक इंजिनिअर आले. त्यांचा दुभाषा मागच्या गाडीत होता, तो उशिरा पोचणार होता. सकाळची वेळ. ते काचेच्या दाराबाहेर थांबले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मी ते लगेच ओळखलं. ते घोकत होते.

आत येऊन ते कमरेत वाकले आणि म्हणाले, "गुड नाइट."

दाराशी चाचा उभे होते. आमची दोघांची नजरानजर झाली, पण हसलं कुणीच नाही. मी पाहुण्यांकडे बघून सावकाश म्हटलं, "गुड मॉर्निंग, सर. वेलकम. प्लीज हॅव अ सीट." त्यांना चूक कळली. त्यांनी कपाळाला हात लावला. "मॉर्निंग, मॉर्निंग," म्हणत तेच हसू लागले, तेव्हा मीही हसले. प्रवास कसा झाला असं मी विचारलं. त्यांना कळलं नाही. मी म्हटलं, "कार ओके? रोड ओके?" त्यांनी तळहात होडीसारखा वर-खाली करून रस्त्यातले खड्डे दाखवले. दुभाषा आला तेव्हा आमचं चहा कसा हवा इथपर्यंत बोलणं झालं होतं. त्या गडबडीत कुठला शब्द बरोबर होता आणि कुठला चुकला, याकडे माझं लक्षच नव्हतं.

रजेवरची मुलगी परत आली तेव्हा मॅडमनी मला पॅकिंगला पाठवलं नाही. "खरेदी विभागात फोनवर बोलायला माणूस हवाय, तू बस," म्हणाल्या. या वेळी मी हो म्हणाले, ते मनापासून.

त्याच सुमारास आणखी एक झालं. शेअर रिक्षाने कामावर जाताना वाटेत पाम गावाहून एक बाई चढायची. कित्येक दिवस आम्ही खांद्याला खांदा लावून बसत होतो, पण एक शब्द बोललो नव्हतो. एका सकाळी मी तिच्याकडे वळून म्हटलं, "बऱ्या हाय ना, ताई? कुठे कामाला जाता?"

ती माझ्याकडे वळली. मग मांडीवरची पिशवी सावरत म्हणाली, "तुमी बोलता व्हय? मला वाटायचं, तुमाला बोलायला आवडत नाय." आणि बोईसर येईपर्यंत ती तिच्या मुलीच्या शाळेबद्दल सांगत राहिली.