डोंगरे डॉक्टरांच्या हाताचा गुण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, फादरना तर नाहीच. वसईचा कॅथलिक माणूस मी, पापं सांगायची सवय लहानपणापासूनची. दरवर्षी ईस्टरच्या आधी इथे आखातातल्या चर्चमध्ये कन्फेशनच्या लांबलचक रांगेत घाम पुसत उभा राहतो. आणि आत गेल्यावर काय सांगतो? रागावलो. मुलांवर ओरडलो. बायकोच्या नकळत सिगारेट ओढली. फादर तीन ‘नमो मरिया’ म्हणायला सांगतात, मी त्या म्हणतो आणि बाहेर येऊन शावरमा खातो. एका वर्षी धीर करून एवढंच म्हणालो होतो, ‘कामात हलगर्जीपणा केला.’ फादर म्हणाले, सगळ्यांच्याच हातून होतो. मी पुढे बोललोच नाही. सुटलो म्हणून पळालो!

तुम्हाला का सांगतोय मग? तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच असेल.

आधी माझं काम सांगतो, हसू नका. लोक हसतात. मी वळूचं वीर्य तपासतो. नातेवाइकांना बायको ‘हे लॅबमध्ये आहेत’ एवढंच सांगते आणि विषय बदलते. शारजाहून फुजैराला जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगर लागायच्या अलीकडे आमचा फार्म आहे. गाई दुधाच्या नाहीत, मांसाच्या. मोठ्या, तांबड्या, परदेशातून आणलेल्या. वळूचं वीर्यही परदेशातूनच येतं, बारीक प्लास्टिकच्या कांड्यांमध्ये गोठवून, नायट्रोजनच्या कंटेनरमधून. कांडी बाहेर काढायची, कोमट पाण्यात वितळवायची, गनमध्ये, म्हणजे गाईत वीर्य सोडायच्या लांब नळीत भरायची आणि डॉक्टरांच्या हातात द्यायची. पाणी अंगाच्या उबेइतकंच हवं. त्याहून फार गरम झालं तर आतलं सगळं मरतं. बाहेरून मात्र कांडीवर काही दिसत नाही. मेलेली कांडी आणि जिवंत कांडी, दोन्ही सारख्याच.

हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं हो, मी इतरांना लेक्चर द्यायचो. पाण्यात थर्मामीटर घातल्याशिवाय कांडी बुडवायची नाही, असा कागद शेडच्या भिंतीवर मीच चिकटवलेला. फार शिष्ट होतो मी. आता तरी कमी झालोय का, कोण जाणे.

गाईंना भरवण्याचं, म्हणजे त्या गनने गाभण घालायचं काम डोंगरे डॉक्टरांचं. सांगलीकडचे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. अल कुसैसला आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या डोक्यावर राहायचे. रोज सकाळी त्यांच्या गाडीतून आम्ही दोघं फार्मवर जायचो. रस्ताभर गप्पा, चेष्टा. ‘काय जेरोम, रात्री पण मायक्रोस्कोपमध्ये बघत होतास का, डोळे बघ कसे झालेत.’ वहिनींनी दिलेलं थालीपीठ ते स्टिअरिंगवरचा एक हात काढून मला द्यायचे. आणि त्यांच्या हाताला गुण होता. हे मी म्हणत नाही, अख्खा फार्म म्हणायचा. गाईच्या पाठीवर थाप मारून ‘चल बाई, उभी राहा शहाण्यासारखी’ असं मराठीत बोलायचे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या गाईला मराठी काय कळणार? पण उभी राहायची! त्यांनी भरवलेली गाय सहसा उलटायची नाही, म्हणजे पुन्हा माजावर यायची नाही. गाभणच राहायची. अरबाब, म्हणजे आमचे मालक, पाहुण्यांना त्यांचा उजवा हात धरून दाखवायचे आणि हसत म्हणायचे, ये हाथ देखो.

मांसाच्या फार्मवर काम करणं त्यांच्या घरी सगळ्यांना रुचलेलं नव्हतं. ते म्हणायचे, ‘जन्माला घालणं माझ्याकडे. पुढचं मी बघत नाही.’ आणि खरंच बघायचे नाहीत. कत्तलखान्याचा ट्रक यायचा असला की ऑफिसच्या आत जाऊन बसायचे.

आता त्या दिवसाकडे येतो. किती वेळ टाळणार?

एप्रिल सरत आला होता. तुम्ही इथे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, दरवर्षी एक दिवस असा येतो की घरातली बाई जाहीर करते, ‘आजपासून गीझर बंद.’ कारण गच्चीवरची टाकी तापते आणि गार पाण्याच्या नळालाच कढत पाणी येऊ लागतं. मग उन्हाळाभर सगळं उलटं. बंद गीझरमधलं पाणी गार, आणि निळ्या खुणेच्या नळाचं गरम. त्या सकाळी मी दाढी करत होतो आणि बायको बाथरूमच्या दारातून म्हणाली, ‘अहो, गीझर बंद केलाय हां मी. नळालाच तापलेलं येतंय.’ मी ‘हो’ म्हणालो. ऐकलं होतं मी. या कानांनी ऐकलं होतं.

त्या दिवशी फार्मवर मोठं काम होतं. इंजेक्शनं देऊन एक पूर्ण कळप एकाच दिवशी माजावर आणला होता. वासरं थंडीत जन्मावीत, अशी अरबाबांची इच्छा. वळू नावाजलेला, त्याच्या कांड्यांची अरबाबांनी वर्षभर वाट पाहिलेली. सकाळी मी सगळं शिस्तीत केलं. थर्मास भरला, थर्मामीटर घातला, एकेक कांडी वितळवून दिली. अर्धा कळप झाला. मग जेवायला थांबलो. जेवण झाल्यावर थर्मासमधलं पाणी निवलं होतं, ते ओतून दिलं आणि नवीन भरायला शेडबाहेरच्या नळावर गेलो.

थंडीभर माझी एक रीत ठरलेली होती. नळाचं गार पाणी घ्यायचं, त्यात किटलीतलं थोडं उकळतं ओतायचं, की झालं. त्या दुपारीही तेच केलं. त्या नळाचा पाइप वाळूवरून, भर उन्हातून आलेला. आणि वरून मी किटलीतलं ओतलं! सवयीनं. थर्मामीटर? तो जेवताना खिशात बोचतो म्हणून डॉक्टरांच्या गाडीत ठेवला होता. गाडी अंगणापलीकडे उभी होती. मधे नुसतं ऊन. मला त्या उन्हातून जायचा कंटाळा आला. बस्स. एवढंच कारण, दुसरं काही नाही. नायट्रोजनसाठीचा जाड हातमोजा हातात होता, तोही काढला नाही. मोजा घातलेलं बोट पाण्यात बुडवलं. कोमट लागलं. जाड मोज्यातून दुसरं काय लागणार?

डॉक्टरांनी गन हातात घेताना विचारलं, ‘पाणी बघितलंस ना रे?’

मी म्हणालो, ‘बघितलं.’

वर हसून असंही म्हणालो, की आईने आमच्या अंघोळीचं पाणी कधी थर्मामीटरने बघितलं होतं का, डॉक्टर? तेही हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतोय. माझ्यासारखा शिष्ट माणूस पाणी न मोजता कांडी बुडवेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि तो गरीब माणूस संध्याकाळपर्यंत घामानं निथळत, एकेका गाईशी गोड बोलत, मी हातात दिलेलं मेलेलं बी भरत राहिला.

काही आठवड्यांनी दुपारच्या गाई उलटायला लागल्या. एक, मग दुसरी, मग रोज. तपासणी झाली तेव्हा चित्र स्वच्छ होतं. सकाळच्या बहुतेक गाभण, दुपारच्या सगळ्या रिकाम्या. तोवर मलाही काही सुचलं नव्हतं, देवाशपथ. मीही सगळ्यांबरोबर डोकं खाजवत होतो. मग एका सकाळी अंघोळीला घाईत निळा नळ सोडला आणि ‘आई गं!’ म्हणून ओरडलो. पाठ भाजली. आणि तिथेच, अंगाला साबण लावलेला असताना, मला कळलं. टबच्या काठावर बसलो.

तरी म्हटलं, खात्री करू. लॅबमध्ये त्याच वळूच्या उरलेल्यांपैकी एक कांडी नीट वितळवली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. काय जोर होता! मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं सगळं पळत होतं. मग बाहेरच्या नळाचं पाणी घेतलं, त्यात तसंच किटलीतलं ओतलं, आणि दुसरी कांडी त्यात बुडवली. काचेवर काहीच हललं नाही. मी बराच वेळ बघत बसलो, एक तरी हलेल म्हणून.

त्याच दिवशी अरबाबांनी सगळ्यांना बोलावलं. मला विचारलं, ‘जेरोम, माल अच्छा है?’

मी म्हणालो, ‘माल अच्छा है, अरबाब. मैंने आज ही देखा.’

बघा कसं आहे. यात एक शब्द खोटा नव्हता. माल चांगलाच होता. पण माल चांगला, गाई चांगल्या, उन्हाचा त्रास नको म्हणून शेडमध्ये पंखे आणि पाण्याचे फवारे सुरू, मग उरलं काय? डॉक्टरांचा हात उरला. दुपारी दमले असतील, गन नीट जागेवर गेली नसेल, वय झालं. कुणी मोठ्याने बोललं नाही. सगळे नुसते त्यांच्या हाताकडे बघायला लागले. ते स्वतःही. मी खरं बोलून त्यांचा गळा कापला, आणि तो कापताना मला ठाऊक होतं.

परतताना गाडीत त्यांनी मला विचारलं. रागानं नव्हे, अगदी साधेपणानं. ‘जेरोम, दुपारचं पाणी बरोबर होतं ना रे?’

मला त्या वेळी बोलता आलं असतं. गाडीत आम्ही दोघंच होतो. ते रागावले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी अरबाबांपुढे माझ्या बाजूनंच उभे राहिले असते. तसा माणूस होता तो. नोकरी जाईल ही भीती होती का? थोडी होती, खोटं कशाला बोलू. पण खरी गोष्ट त्याहून हलकी आहे. भिंतीवरचा तो कागद माझा होता. आता लोक हसतील, या विचारानं माझी जीभ उचलली नाही. माझी शान राहावी म्हणून—

मी म्हणालो, ‘बरोबर होतं.’

ते म्हणाले, ‘तू म्हणतोस म्हणजे असणारच.’

रिकाम्या गाई ठेवून घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. ट्रक आला. त्या दिवशी डॉक्टर ऑफिसमध्ये गेले नाहीत. उन्हात उभे राहून एकेक गाय चढताना बघत होते. मी लॅबचं दार आतून लावून घेतलं.

पुढच्या खेपेला अरबाबांनी दुसरा माणूस आणला. डॉक्टरांना काढलं नाही, फक्त त्यांच्या हातात गन दिली नाही. औषधं देणं, शिंगांच्या जखमा बांधणं. अशानं माणूस किती दिवस टिकणार? काही महिन्यांनी त्यांनीच राजीनामा दिला. मुलगी सई दहावीत होती, वर्षाच्या मध्यात शाळा सोडावी लागली. सामान उतरवायला मी गेलो होतो. मी तिला काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, नव्या शाळेतही मैत्रिणी मिळतील हं बेटा. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘इट्स ओके, अंकल.’ वहिनींनी बाल्कनीतली कढीपत्त्याची कुंडी आमच्या घरी आणून दिली. ती अजून आहे, चांगली फोफावली आहे. बायको फोडणीला तीच पानं घालते आणि मी जेवतो.

आता त्यांचं गावाकडे जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. नाताळला न चुकता त्यांचा फोन येतो. गाई भरवणं त्यांनी सोडलं. तिथल्या लोकांना काय ठाऊक इथलं? येतात बिचारे, डॉक्टर चला, गाय माजावर आलीय. ते कुणाला तोडून नाही म्हणत नाहीत, पण जातही नाहीत.

गेल्या नाताळला त्यांनी फोनवर एक गोष्ट सांगितली. शेजारच्या बाईंची एकच गाय, दुसरं कुणी मिळेना, बाई दारात बसून राहिल्या. म्हणून गेले. गाईच्या पाठीवर थाप मारली, ‘चल बाई’ म्हणाले. आणि गन धरल्यावर हात थरथरायला लागला. थांबेचना. गन तशीच खाली ठेवून ते घरी परत आले. हे सगळं त्यांनी हसत हसत सांगितलं. म्हणाले, ‘गुण गेला रे हाताचा. त्या दुपारीच गेला. कुठे काय चुकलं, ते मात्र अजून कळत नाही बघ.’

मी म्हणालो, ‘वयानं होतं असं, डॉक्टर.’

ते म्हणाले, ‘तू म्हणतोस म्हणजे असेल.’

नंतर त्यांनी मुलांची चौकशी केली, बायकोला नमस्कार सांगितला आणि फोन ठेवला.

त्यांच्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. पाणी कढत होतं. हे मी तुम्हाला सांगितलं. त्यांना नाही.