अडुळशाच्या तीन बाटल्या

उत्रोलीच्या बनाबाईला स्वस्थ बसणं म्हणून माहीत नाही. साठी आली, गुडघे कुरकुरतात, तरी भात शिजेपर्यंत बाई तीनदा दारात जाऊन येते. त्यात मार्गशीर्षातली थंडी पडली की विचारूच नका. कुणाच्या घरातून खोकल्याची उबळ ऐकू आली की हिचे कान टवकारलेच. एकदा भोरच्या एसटीत पुढच्या बाकावरच्या अनोळखी माणसाच्या पाठीवर टकटक करून तिनं विचारलं होतं, "कोरडा हाय का कफ पडतो?" तो बिचारा पुढच्याच थांब्याला उतरला.

हे सगळं अडुळशाच्या पाकापायी. पाक तिला सासूनं शिकवला. पहाटे पानं तोडायची, धुवायची, वाफवायची, पाट्यावर वाटायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून रस पिळायचा. आलं, पिंपळी आणि ज्येष्ठमधाचा काढा त्यात घालायचा, गूळ टाकायचा आणि बोटाला तार येईस्तोवर चुलीवर आटवायचं. एरवी बूड न टेकणारी ही बाई त्या दिवशी चार तास चुलीपुढून हलत नाही. मग उकळून उन्हात वाळवलेल्या तीन बाटल्या भरायच्या. एक घरात, नवऱ्यासाठी. एक गुंजवण्याला, भाऊ मानसिंगकडं. आणि एक शिवऱ्याला, लेकीकडं. माधुरीची सई चार वर्षांची, हिवाळाभर तिचं नाक वाहतं. "माझ्या माणसांना डाक्टरची पायरी चढाया लागत न्हाई," असं बनाबाई चारचौघांत ठणकावून सांगते.

इतकं ठणकावून सांगायला कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी सासू गेली. छातीत कफ, चार पावलं चालली की धाप. बनाबाई तिला दिवसातून तीनदा पाक चाटवत होती. आणि दहाव्याला, सगळ्या भावकीसमोर, धाकटी जाऊ ठकुबाई म्हणाली, "पाक पाजून पाजून म्हातारी घालवली हिनं. दवाखान्यात न्हेली असती तर जगली असती."

त्या दिवसापासून अबोला. दोघींच्या घरांमध्ये एक बांध आहे, वीस पावलांवरचा, आणि तो नऊ वर्षांत दोघींपैकी एकीनंही ओलांडलेला नाही. बनाबाईनं पाक मात्र सोडला नाही. सोडला असता तर ठकीचंच खरं ठरलं असतं ना! उलट ती दर साली जास्तच हट्टानं करू लागली. पण ते बोलणं आत कुठंतरी रुतून बसलं होतं. खरंच पाकानं गेली का म्हातारी, असं मनात आलं की बाई उठायची आणि घासलेलंच भांडं पुन्हा घासायला घ्यायची.

यंदाही तिनं मंगळवारी पहाटे पानं तोडली, त्या बांधावरच्याच कुंपणाची. अडुळशाला शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला तोच लावलेला. बुधवारी बाटल्या भरल्या. गावातल्या बंटीच्या दुधाच्या टेम्पोनं एक शिवऱ्याला गेली, दुसरी गुंजवण्याला नवरा स्वतः देऊन आला. झालं, बाईचा हिवाळा सुरू झाला.

रविवारी सकाळी ती गोवऱ्या आणायला बांधाकडं गेली आणि जागच्या जागी थिजली. कुंपणाची पलीकडच्या अंगाची पानं पिवळी पडली होती. बांधावरचं गवत तर पार करपलेलं. पलीकडं ठकुबाईचा मुलगा अमृत वैरण कापत होता. पुतण्याशी तिचं तुटक का होईना, बोलणं होतं.

"अमृत, बांधाला काय मारलंस रं?"

"तणनाशक, मोठी आई. गवत लई माजलं हुतं. वारं हुतं जरा, तुमच्या कुंपणावर उडालं वाटतं."

"कवा मारलंस?"

"सोमवारी. सांजच्याला."

सोमवारी सांज आणि मंगळवारी पहाट. पानं धुतली होती. धुतली होती नक्की. पण एका पाण्यानं की दोन? आणि त्या औषधाला पाण्यानं काय होतंय? रोपाच्या मुळापर्यंत जाऊन मारतं म्हणे ते.

आता खरं तर तिथंच अमृतला सांगून टाकायला हवं होतं. कुणीही शहाण्यानं सांगितलं असतं. पण अमृतला सांगायचं म्हणजे ठकीच्या कानावर जाणार, आणि ठकी गावभर म्हणणार, बघा, आधी सासू, आता लेक-नात! बनाबाईनं ओठ घट्ट मिटले आणि गोवऱ्या तिथंच टाकून घराकडं धावली. त्या एका घमेंडीपायी पुढचा सगळा दिवस तिनं तळमळत काढला.

नवरा, सावळाराम, ओट्यावर दाढी करत होता. तिनं त्याच्या हातातला आरसाच ओढला. "अवो, पाक किती घेतला तुमी? खरं सांगा! मळमळतंय का? चक्कर येती का?"

"का गं? काय झालं?"

"आधी सांगा!"

सावळारामनं वस्तरा वाटीत बुडवला. मग खाली बघत म्हणाला, "घेतला न्हाई."

"चार दिस रोज दोन चमचे मी सोता भरून देती!"

"मोरीत वततो म्या," तो म्हणाला. "लई कडू लागतो गं. तुला सांगायचं कसं, म्हणून..."

"कवापासनं?"

"आता ते काय मोजून ठेवलंय का?"

भांडायला वेळ असता तर त्या दिवशी उत्रोलीनं भांडण ऐकलं असतं. पण वेळ नव्हता. तिनं मोबाईल घेतला आणि गुंजवण्याला लावला. भावजय रतनबाईनं उचलला. "बाटली व्हय? फडताळात हाय की. फोडलीच न्हाई अजून. गेल्या सालचीबी हाय, त्याच्या मागच्या सालचीबी. का, रिकाम्या बाटल्या पायजेत का वन्सं?"

"फेकून दे समद्या," बनाबाई कशीबशी म्हणाली, आणि शिवऱ्याला फोन लावला.

माधुरी उचलेना. जावई संजयही उचलेना. दोघांचं हमरस्त्याला मिसळीचं हॉटेल, रविवारची गर्दी, फोन गल्ल्यात पडून असणार. हे बनाबाईला कळत होतं. पण कळून उपयोग काय? डोळ्यांपुढं सई उभी राहिली, चमचा चाटत असलेली. पुन्हा लावला. पुन्हा. सातव्या वेळेला तिनं फोन पिशवीत कोंबला, पदर खोचला आणि निघाली. सावळाराम अर्ध्या दाढीनिशी "अगं, थांब, म्याबी येतो" म्हणेस्तोवर बाई रिक्षात बसून भोरच्या स्टँडावर पोचलीसुद्धा.

स्वारगेटची एसटी लागलेली होती. सुटेना मात्र. कंडक्टर खाली उभा राहून चहा पीत होता. "अवो भाऊ, गाडी काडा की! माझी नात तिकडं..." पुढं तिला बोलवेना. कंडक्टरनं चहा अर्धा टाकला, हे मात्र खरं. कापूरहोळपर्यंतच्या प्रत्येक वळणाला ती उठून उभी राहत होती, जणू उभं राहिल्यानं गाडी लवकर पोचणार होती. शेजारची बाई म्हणाली, "बसा की आज्जी, पडाल." बनाबाई बसली आणि परत उठली. नऊ वर्षं जी गोष्ट खोटी म्हणून छातीठोक सांगितली, ती आज खरी होणार. पाकानं माणूस मारलं. तेही सई. देवा, माझं काय ते कर, पोरीला काही करू नको. ती ओठातल्या ओठात हेच घोकत राहिली.

शिवऱ्याला उतरून तिनं रस्ता कसा ओलांडला, तिचं तिला ठाऊक. हॉटेलच्या दारातच सई पाव कुरतडत बसली होती. गुबगुबीत, शेंबडी, ठणठणीत. बनाबाईनं तिला उचलून असं आवळलं की पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. माधुरी झारा हातात घेऊनच बाहेर आली.

"आई? अशी अचानक?"

"पाक दिलास का हिला? सांग पटकन!"

सगळं ऐकल्यावर माधुरीचा चेहरा उतरला, पण भीतीनं नाही. शरमेनं. "आई, रागावू नकोस. सईला डॉक्टरांचं औषध चालू असतं. मी तिला तुझा पाक कधी दिलाच नाही गं."

बनाबाई मटकन बाकावर बसली. जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी डोक्यात तिडीक गेली. मेली नाहीत म्हणून हात जोडावेत, की प्यायली नाहीत म्हणून कपाळ बडवावं? इतकी वर्षं चुलीपुढं डोळे चुरचुरवून केलं ते मोरीसाठी नि फडताळासाठी! बाईला रडू फुटलं. गिऱ्हाइकं मिसळ खाता खाता बघायला लागली.

"दे ती बाटली हिकडं," ती नाक पुसत म्हणाली. "माझ्या हातानं फोडती."

माधुरी झारा उगाच पदराला पुसत राहिली.

"कुठं हाय?"

"ठकुकाकींकडं."

"कुणाकडं?"

"काकींकडं, आई. दरवर्षी त्यांनाच देते मी. बंटीच्या टेम्पोतनंच परत पाठवते. त्यांनीच मागितला होता पहिल्यांदा, तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घालून. त्या रोज घेतात. महिनाभरात बाटली संपवतात."

सकाळी ज्या बांधावर तोंड मिटून ती वळली होती, त्याच्या पलीकडं, वीस पावलांवर, ती बाटली होती. बनाबाईला ते उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा तिनं माधुरीचा हात असा धरला की बांगडी पिचली. "अमृतला फोन लाव."

अमृतनं लगेच उचलला. आई कालपासून पोटात ढवळतंय म्हणतेय, सकाळी दोनदा ओकली, पण दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येतेय, असं तो म्हणाला. काहीतरी शिळं खाल्लं असेल म्हणतेय.

"दे तिला फोन," बनाबाई म्हणाली.

पलीकडं श्वास ऐकू आला. नऊ वर्षांनी काय बोलायचं? बाईनं डोळे मिटले. "ठके, मी बोलतीया. तू माझा पाक पितीस, मला कळलंय. त्यात इख गेलंय. बांधावर मारलेलं औषध. मला ठावं नव्हतं, पण गेलंय. आता उठ आन् अमृतच्या गाडीवर बस."

पलीकडं खाट करकरली. मग ठकुबाईचा बारीक आवाज आला. "अक्का, तुमी येताय का?"

"आली, आली," बनाबाई म्हणाली.

संजयनं तिला मोटारसायकलवर भोरला आणलं. सरकारी दवाखान्यात ठकुबाई खाटेवर होती, हाताला सलाईन, पाकाची थोडी संपलेली बाटली उशाजवळच्या टेबलावर. अमृत भिंतीला टेकून उभा होता, तोंड काळवंडलेलं. त्याच्याकडं बघून बनाबाईला त्याचीच दया आली. तरुण डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरून बघितली. "चमच्यातून किती गेलं असेल ते सांगता येणार नाही. फार नसावं. उलट्या थांबल्यात. संध्याकाळपर्यंत इथंच ठेवू. घरच्या बाईमाणसानं जवळ बसावं, काही वाटलं तर लगेच हाक मारा."

अमृत चहा आणायला गेला. बनाबाई स्टुलावर बसली. गप्प बसणं तिला जमेना.

"भावकीसमोर मला खुनी ठरवलंस, आन् मागनं माझाच पाक पितीस व्हय गं?"

"खोकला दुसऱ्या कशानं थांबत न्हाई माझा," ठकुबाई म्हणाली.

"मग माझ्याकडं मागायचास!"

"कोणत्या तोंडानं मागू?" ठकुबाईनं छताकडं बघितलं. "अक्का, सासूबाई पाकानं गेल्या न्हाईत. तुमी त्या दिशी गुंजवण्याला गेला हुता. बापय माणसं खळ्यावर. दुपारी त्यांना लई धाप लागली. मला म्हणल्या, ठकू, मला दवाखान्यात ने. म्या म्हणलं, अक्का सांजला येतील, मग बघू. भाकरी करीत बसले. तुमी यायच्या आत त्या गेल्या. दहाव्याला समदे माझ्याकडंच बघत्यात असं वाटाया लागलं, आन् माझ्या तोंडातनं तुमचं नाव गेलं."

बनाबाई ताडकन उठली. स्टूल मागं पडलं. "नऊ वर्षं! नऊ वर्षं मी ते डोक्यावर घेऊन फिरली गं! भांडी घासून घासून झिजवली! आन् तू हे पोटात ठेवून माझा पाक ढोसत हुतीस?" शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. नर्स धावत आली, "आजी, हळू, हा दवाखाना आहे."

ठकुबाईनं डोळे मिटून घेतले. कानशिलावरून पाणी उशीत उतरत होतं, आणि ती ते पुसतही नव्हती.

बनाबाई तरातरा दारापर्यंत गेली. बाहेर ऊन होतं, एसटीचा स्टँड जवळच होता, घर तर त्याहून फार लांब नव्हतं. इथून निघून जावं, आणि पुन्हा या बाईचं तोंड बघू नये, असं तिला मनापासून वाटलं. पण डॉक्टरीणबाईंनी जवळ बसायला सांगितलं होतं आणि अमृत अजून चहा घेऊन आलेला नव्हता. ती थोडा वेळ चौकट धरून उभी राहिली. मग परत आली, पडलेलं स्टूल उचललं, पदराच्या टोकानं ठकुबाईचे डोळे जरा रागानंच पुसले आणि म्हणाली, "मळमळतंय का अजून?"