मेलेल्या पेशी आणि माझी संत्रा बर्फी

काय सांगू तुम्हाला, मी एकदा कॅन्सर बरा केला होता! सकाळी बरा केला, जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो परत आला.

त्याचं असं, आपल्या पेशीत ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिनं असतात. कोणतं जनुक चालू, कोणतं बंद, हे तीच ठरवतात. एक पेशीला म्हणतं, 'एकीच्या दोन हो'. दुसरं म्हणतं, 'पुरे, आता मर'. कॅन्सरमध्ये हे दुसरं बरेचदा गप्प बसतं. माझ्या औषधानं त्याला बोलतं करायचं होतं. इतकी वर्षं ते हूं की चूं करेना! मंगळवारी समितीला काही दाखवलं नाही तर पीएचडीची मुदतवाढ नाही, आणि आईकडे वर्ध्याचं स्थळ तयार.

सोमवारी सूक्ष्मदर्शकात पाहते तो काय, औषध दिलेल्या कॅन्सरच्या पेशी झाडून सगळ्या मेलेल्या!

मी संत्रा बर्फी वाटली. आईला फोन केला. तिनं लगेच वर्ध्याला कळवून टाकलं, "पोरगी कॅन्सर बरा करून राहिली, तिले लग्नाले टाइम नाही." आमच्या नंदनवन कॉलनीतल्या शेजारणींना वेगळं सांगावं लागलंच नाही. आवाज पुरला.

तेवढ्यात माझ्या गाईड मॅडम आल्या. बर्फी तोंडात टाकत म्हणाल्या, "अन् ज्यायले औषध नाही देल्लं, त्या पेशी कशा हायेत?"

आता, त्या जिवंत असल्या तरच औषधाचा गुण म्हणायचा. पण आनंदाच्या भरात त्या बघतं कोण?

बघितल्या. त्याही मेलेल्या.

मॅडम इन्क्युबेटरकडे वळल्या. पेशींना अंगाच्या उबेत ठेवणारं ते कपाट. त्याचा प्लग जमिनीवर, आणि त्याच्या जागी कूलरचा!

"हा कोणं काढला वं?"

"मीच. शनिवारी भल्लं गरम होऊन राहिलं होतं, मॅडम."

"अन् घरी जाताना?"

"कूलर बंद केला ना! काहून वीज वाया घालवायची?"

मे महिना, बंद खोली आणि मधे अख्खा रविवार. बिचाऱ्या उकडून मेल्या होत्या.

मला रडूच आलं. "उद्या समितीले काय सांगू?"

"खरं ते सांग. मे महिन्यात नागपुरात मरायले औषध लागत नाही. तेही इथलेच हायेत, पटंल त्यायले."

पटलं हो! मुदतवाढही मिळाली. अट एवढीच, की प्रयोग हिवाळ्यात करायचा आणि माझ्या हाताला प्लग लागू द्यायचा नाही.