पहिल्या मजल्यावरचा बोर्ड

दुकानांचे बोर्ड बनवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. आधी ब्रशने रंगवायचो, आता मशीनवर कापतो. पत्रा गेला, ॲक्रिलिक आलं, ट्यूबलाइट जाऊन एलईडी आले. आमच्या तालुक्याच्या गावातल्या नगरपालिकेचा बोर्डाच्या परवानगीचा अर्ज मात्र होता तसाच आहे. तो ज्याने कुणी तयार केला, त्याला एकदा समोर बसवून तोच अर्ज भरायला लावावा अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

अर्जाच्या एका रकान्यात लिहिलंय, 'लावलेल्या फलकाचा फोटो जोडावा.' पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिलंय, 'परवानगीपूर्वी फलक लावल्यास कारवाई करण्यात येईल.' म्हणजे लावू नका, पण लावलेला दाखवा. पहिल्यांदा मी भाबडेपणाने टेबलावर विचारलं होतं. तिथल्या बाईंनी मीच काहीतरी अचरट बोलल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "सगळे जोडतात," म्हणाल्या.

सगळे जोडतात म्हणजे काय करतात, तर 'फोटोचा बोर्ड' लावतात. खऱ्या बोर्डाच्या मापाचा साधा फ्लेक्स छापायचा, चार सुतळ्यांनी दुकानावर ताणायचा, समोरून फोटो काढायचा आणि पाच मिनिटांत गुंडाळून आणायचा. साहेबांना हे ठाऊक आहे, टेबलावरच्या बाईंना ठाऊक आहे, चहावाल्यालाही ठाऊक आहे. सगळ्यांनी मिळून एक खोटं इतक्या शिस्तीत चालवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. या शिस्तीतला दहावा हिस्सा गटारं साफ करायला वापरला असता तर गावाचं भलं झालं असतं.

मागच्या वर्षी एक बाई माझ्याकडे आल्या. मूळच्या जामखेडकडच्या. नगरला दुसऱ्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम बरीच वर्षं केलं, मग नोकरी सोडून आमच्या गावात स्वतःचं चष्म्याचं दुकान काढलं. जागा मिळाली ती पहिल्या मजल्यावर, खताच्या दुकानावर, एका अंधाऱ्या जिन्याने वर जायचं. खालून जाणाऱ्याला वर दुकान आहे याची गंधवार्ताही नाही.

"दादा, मला लई शोभेचं नको," त्या म्हणाल्या. "रस्त्यावरून दिसलं पायजे, बस. बोर्ड दिसला न्हाई तर वर दुकान हाय हे फक्त मला आन् माझ्या आईलाच ठावं राहील."

मी नेहमीप्रमाणे फोटोचा बोर्ड ताणला, फोटो काढला आणि सोडायला शिडी चढलो. तेवढ्यात एक म्हातारबाबा जिना चढून आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, चष्म्याचा नंबर काढायचा होता. त्यांच्या मागे शाळेतल्या एक मास्तरीण आल्या. दुकान उघडून तीन आठवडे झाले होते आणि न बोलावता आलेली ही पहिली माणसं. दुकानवाल्या ताईंनी खिडकीतून हात जोडले. "दादा, आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या ना."

मी राहू दिला. ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी नोटीस आली. विनापरवाना फलक. आणि सोबत पुरावा म्हणून काय जोडलं होतं? आदल्या दुपारी आम्हीच अर्जाला जोडून दिलेला फोटो.

मग सुरू झाले खेटे. घरमालकाचं ना हरकत पत्र नव्याने आणा. इंजिनिअरचा दाखला आणा, भिंत बोर्डाचं वजन पेलते म्हणून. बोर्ड होता दोन माणसांनी सहज उचलावा एवढा, आणि त्याच भिंतीवर वरच्या मजल्याची भरलेली पाण्याची टाकी बसलेली. टाकीला कुणी दाखला विचारला नाही. ताई रोज दुकान बंद ठेवून ऑफिसच्या बाकावर बसायच्या. अर्ज दोनदा गहाळ झाला, दोन्ही वेळा त्याच कपाटात सापडला.

शेवटी साहेब पाहणीला आले. टेप त्यांच्याकडे कधीच नसते, माझीच घेतात. बोर्डासाठी भिंतीत ठोकलेल्या लोखंडी अँगलचं माप घेऊन म्हणाले, चार बोटं बाहेर येतोय, कापा. ताईंनी समोर बोट दाखवलं. आदल्याच दिवशी फुटपाथवर बांबू रोवून एक अवाढव्य फ्लेक्स उभा केला होता. पुढाऱ्याचा वाढदिवस. हात जोडलेला पुढारी, गॉगल घातलेला पुढारी, भोवती पासपोर्ट फोटोंच्या ओळीत पस्तीस-चाळीस शुभेच्छुक. पहिल्या मजल्याची खिडकी त्याच्या आड अर्ध्याहून जास्त झाकलेली.

"साहेब, माझा अँगल चार बोटं, आन् ह्ये?"

साहेबांनी फ्लेक्सच्याच सावलीत उभं राहून घाम पुसला. "वाढदिवस होऊन जाऊ द्या," म्हणाले, आणि गाडीला किक मारली.

ते गेल्यावर चहा पिताना मी त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली. त्यांचा आवाज काढून दाखवला. कणा नाही, म्हणालो, सरपटणारं जनावर आहे. ताई हसल्या नाहीत. "तुमी बोर्ड तेवढा लवकर लावा," म्हणाल्या.

परवानगी आली तशी मी बोर्ड लावला. पांढऱ्यावर निळी अक्षरं, आतून दिवे. काम झकास झालं होतं, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतो. पण ताई दिवे लावून खाली आल्या आणि म्हणाल्या, "चला, पलीकडून बघू."

आम्ही रस्ता ओलांडला. पलीकडून फक्त पुढारी दिसत होता. वाढदिवस होऊन आठवडा उलटला होता आणि आता त्याच बांबूंवर पदनियुक्तीच्या अभिनंदनाची पट्टी वाढवली होती. बोर्डाचं एक अक्षर, शेवटचं, कडेने डोकावत होतं.

ताई दुकानात पेशंटला म्हणतात त्या आवाजात म्हणाल्या, "सगळ्यात खालची ओळ वाचा."

मला वाचायची गरज नव्हती. फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात छापणाऱ्याने आपलं नाव आणि नंबर टाकायचा, ही आमच्या धंद्याची रीत. तिथे माझं नाव होतं. पाहणीच्या दिवशीही मी त्याच्या पाठीमागे उभा होतो आणि कडेची शिवण पाहूनच मला तो ओळखू आला होता. वर्षभराचं अर्धं काम त्या लोकांकडून येतं. कुठे लावणार, हे मी कधी विचारत नाही. मी वाचलं नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली याचा रागही आला.

"काढायला परवानगी लागती का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"शिडी हाय ना?"

शिडी टेम्पोवरच बांधलेली होती. कटर खिशात होता. चार दोऱ्या, पाच मिनिटांचं काम. मी त्या पुढाऱ्याच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, भोवतीच्या पस्तीस-चाळीस चेहऱ्यांकडे पाहिलं, त्यातले निम्मे माझे गिऱ्हाईक.

"ताई," मी म्हणालो, "अभिनंदनाचे चार दिवस होऊन जाऊ द्या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग रस्ता ओलांडून गेल्या, जिना चढल्या, आणि थोड्या वेळाने ते कडेने दिसणारं अक्षरही विझलं. त्यांनी बोर्डाचं बटण बंद केलं होतं.