नळाचा भोंगा

पुण्यातली नोकरी न सोडता मी दारव्ह्याला राहायला आलो, तेव्हा गल्लीने ठरवून टाकलं की पोट्ट्याची नोकरी गेली. वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफपँट आणि दिवसभर खुर्चीत. असा माणूस कमावतो यावर कोण विश्वास ठेवणार? कोणी विचारलंच तर बाबा आवाज खाली आणून सांगत, "कंप्युटरचं आहे त्याचं काहीतरी." घरातलं आजारपण सांगावं तसं.

आमच्याकडे नळ कधी येतील याचा नेम नाही. त्या धास्तीने आई कुठे जायची नाही. लग्नाला गेली तरी अक्षता टाकून थेट घरी. म्हणून मी फावल्या वेळात एक उद्योग केला. नळाच्या पाइपात चिमुकली चक्री बसवली, ती तळहाताएवढ्या सर्किटला जोडली आणि दारावर स्पीकर लावला. चक्री फिरली की स्पीकरमधून आईचाच आवाज यायचा, "नळ आले वो माय! बादल्या काढा!" आवाज रेकॉर्ड करण्याआधी आईने केस विंचरले होते.

भोंगा पहिल्यांदा वाजला आणि माझी पत एकदम वाढली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढं शिकून शेवटी कामाचं काही केलं बाप्पा."

त्याच सुमाराला पुसदचं स्थळ आलं. मुलगी, तिचे वडील आणि आत्या आमच्याच घरी आले. त्यांना मुलगा पाहायचा नव्हता. मुलगा घरी बसून नेमकं काय करतो ते पाहायचं होतं. मी फुलपँट घातली होती.

"म्हणजे ऑफिस नाहीच?" आत्यांनी विचारलं.

"हे टेबल म्हणजेच ऑफिस."

"अन् साहेब?"

"ते बंगळूरला असतात."

"मंग तुम्ही काम करून राह्यले का झोपून राह्यले, हे त्याले कसं समजते?"

मी लॅपटॉप उघडून दाखवणार, तेवढ्यात बाहेरून आई ओरडली, "नळ आले वो माय!" आई तर आत्यांच्या समोर तोंड मिटून उभी होती. आत्यांच्या हातातला चमचा खाली पडला. आईने आलुपोह्यांची अख्खी परात मुलीच्या वडिलांच्या मांडीवर ठेवली आणि धूम ठोकली. बाबा ड्रमकडे पळाले. भोंगा ऐकून काकू घागरी घेऊन आल्या. मुलीच्या वडिलांनाही राहवेना. परात बाजूला सारून दोन बादल्या घेऊन तेही अंगणात हजर.

नळ म्हणाला, फुस्स.

पाइपातल्या नुसत्या हवेने चक्री फिरली होती. चक्री थोडा वेळ सलग फिरली तरच भोंगा वाजवायचा, एवढं कोडमध्ये लिहिलं असतं तरी भागलं असतं. सगळे रिकाम्या बादल्या धरून माझ्याकडे पाहत होते. मुलगी मात्र भिंतीला टेकून मनमोकळं हसत होती, आणि मला ती तिथेच आवडली.

दोन दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. "स्थळाचं काही जमत नाही जी. वाईट नका वाटून घेऊ." मी बरं म्हणालो. ते जरा घुटमळले. "पण ते भोंग्याचं कसं करायचं? आमच्याकडं बी नळाचं तसंच आहे."

बाबा खवळले. "पोट्टा नाही पाहिजे, भोंगा पाहिजे!"

तरी रविवारी मी सुधारलेला भोंगा घेऊन पुसदला गेलो. पाना त्या मुलीनेच धरला होता. मी धीर करून विचारलं, "नाही काहून म्हटलं?"

"तुम्ही पुणं सोडून आले. मले तिकडंच जायचं आहे," ती म्हणाली. "बाकी माणूस म्हणून ठीक आहे तुम्ही."

मिनिटभर राग आला. मग वाटलं, खरं तर बोलली. तिचं हसणं मात्र पुढे बरेच दिवस आठवत राहिलं.

तिथे आवाज आत्यांचा भरला. त्यांनी दुसऱ्या कोणाला बोलूच दिलं नाही. तपासायला म्हणून पाइपात पाणी सोडलं. भोंगा क्षणभर थांबला आणि मग आत्यांच्या आवाजात असा गरजला की खुद्द आत्याच दचकून बादली घ्यायला धावल्या.

दुपारी त्यांनी आग्रह करकरून जेवायला वाढलं. नकार मिळालेल्या घरात इतक्या पुरणपोळ्या खाणारा पुसदमधला मी पहिलाच असेन.