मामांच्या गाडीचा भोंगा

आमच्याकडे सून सासऱ्यांना मामा म्हणते. माझे मामा साताऱ्याजवळच्या एका खेड्यातले. सगळा जन्म बस चालवण्यात गेला. सासूबाई गेल्यावर ते दीड वर्ष गावी एकटेच राहिले आणि मग एकदाचे नेरूळला आमच्याकडे आले. आले ते टेम्पोतून. टेम्पोत ज्वारीची दोन पोती होती आणि त्या पोत्यांच्या मधोमध, दोरखंडानं आवळलेली, त्यांची मोटरसायकल.

गाडी अठरा वर्षांची होती. मूळ रंग लाल होता असं मामा सांगायचे, आम्ही मान डोलवायचो. सीट फाटू नये म्हणून जुनी ट्यूब ताणून बांधलेली. डावा आरसा नव्हता. किक मारताना गाडी थोडी उजवीकडे कलती करावी लागायची आणि पोटातलं पेट्रोल हलल्याचा आवाज ऐकून मगच पाय मारायचा. हे तंत्र मामांशिवाय कुणालाच जमलं नाही.

त्यांना येऊन महिना झाला असेल, तेव्हा आमच्या सोसायटीच्या बी विंगमधून एकाची नवीकोरी बाइक भरदुपारी चोरीला गेली. ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. ज्यांच्या नव्या गाड्या होत्या त्यांनी भराभर अलार्म बसवून घेतले.

जेवताना मामा म्हणाले, "आपल्या गाडीला बी एक बसवू."

माझ्या नवऱ्याच्या तोंडात घास होता. तो हसला आणि हसता हसता त्याला ठसका लागला. "बाबा, तुमची गाडी कोण नेणार? भंगारवाला पण दोनदा विचार करेल."

ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवून मामांनी हात धुतला. संध्याकाळी चहा नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी पोहे नको म्हणाले. सोळा वर्षं जिच्यावर बसून सासूबाईंना बाजारला, दवाखान्याला, माहेरी नेलं, तिला चोरसुद्धा विचारणार नाही, हे त्यांना फार लागलं होतं. रविवारी मी नवऱ्याला न सांगता मामांच्या मागे बसून जवळच्या शिरवणे गावात गेले.

शिरवण्याच्या एका गल्लीत गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याचं दुकान आहे. माणूस पन्नाशीचा, गावातलाच, आगरी. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. मग कमरेवर हात ठेवून मामांकडे पाहिलं.

"काका, हिला अलार्म?"

"व्हय."

"ही गारी कोन चोरनार हाय?"

मला वाटलं, आता मामा पुन्हा जेवण सोडणार. पण ते शांतपणे म्हणाले, "तुमी बसवा. कोण चोरतंय ते माजं मी बघतो."

त्यानं बाजूचं कव्हर उघडलं. आतून मूठभर ज्वारी खाली सांडली. टेम्पोतल्या पोत्यांना भोक पडलं होतं हे आम्हाला तेव्हा कळलं. बॅटरी तर केव्हाच मेली होती. आधी नवी घालावी लागली. मग त्यानं अलार्मचा काळा डबा काढला. लाल वायर बॅटरीला, काळी गाडीच्या सांगाड्याला, दोन पिवळ्या इंडिकेटरना, एक चावीच्या स्विचला. मामांनी खिशातून डायरी काढली आणि कुठली वायर कुठं गेली ते चित्र काढून लिहून घेतलं. मी शाळेत शास्त्र शिकवते. माझ्या वर्गात इतक्या मन लावून आकृती काढलेली मी आजवर पाहिलेली नाही.

अलार्ममध्ये सहा आवाज होते. ते एकेक ऐकून एक निवडायचा. पहिला अ‍ॅम्ब्युलन्सचा. मामा म्हणाले, "ह्यो नको, कुणीतरी शिक पडल्यागत वाटतंय." दुसरा लहान मूल किंचाळल्यासारखा. "ह्यानं आपल्यालाच काळजी लागंल." तिसरा, चौथा, पाचवा त्यांना मिळमिळीत वाटले. सहावा मात्र गिरणीचा भोंगा आणि कोंबडा एकदम ओरडावेत तसा होता. समोरच्या दुकानातली बाई हातातली वांगी घेऊन बाहेर आली.

"ह्योच," मामा म्हणाले.

मग राहिला एक छोटासा स्क्रू. गाडीला किती धक्का लागला की भोंगा वाजावा, ते त्यानं ठरवायचं. एक ते आठ आकडे.

"किती ठेवू?" वायरमननं विचारलं.

"आठ."

"काका, आठवर माशी बसली तरी वाजल."

"बसू दे. माशीला बी कळू दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वर पंख्याकडे पाहिलं. आठवर ठेवला. दोन रिमोट दिले, एक मामांना, एक मला.

पुढचा आठवडा आमच्या पार्किंगमध्ये कुणाला चैन पडलं नाही. कचऱ्याची गाडी आली की भोंगा. लिफ्टचं दार आपटलं की भोंगा. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून गादी झटकली, भोंगा. सीटवर झोपायला येणारी मांजर पहिल्या दिवशी जी उडाली ती थेट मीटरच्या खोलीत जाऊन बसली आणि चार दिवस तिनं तिथंच संसार केला. दर वेळी मामा पायांत चपला सरकवून खाली जायचे. रिमोट दाबून भोंगा बंद करायचे आणि आजूबाजूला जो असेल त्याची चौकशी सुरू करायचे.

"तुमी हात लावला का?"

"नाही हो काका, मी दूध द्यायला आलोय."

"कुठलं तुमी?"

"मी पारनेरचा."

"आसं होय! तिकडं पाऊसपाणी काय म्हणतोय?"

महिनाभर जो माणूस गॅलरीतून नुसता रस्ता बघत बसायचा, त्याला त्या एका आठवड्यात अख्खी विंग माहीत झाली. कुणाच्या मुलीचं लग्न ठरतंय, कुणाला गुडघेदुखी, कुणाकडे कुठल्या गावचं लोणी येतं, सगळं. मीही त्या रिमोटचा फायदा घेतला. त्यावर घंटेचं चित्र असलेलं एक बटण होतं. ते दाबलं की गर्दीत आपली गाडी सापडावी म्हणून ती तीनदा टिवटिव करायची. चहा झाला की मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दाबायचे. खाली टिवटिव व्हायची आणि मामा गप्पा आवरून वर यायचे.

पण सेक्रेटरींनी शेवटी नोटीस लावली. नाव न घेता, पण 'एका जुन्या वाहनाच्या' असं स्पष्ट लिहून. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन आठाचा चार केला. मामांचा माझ्यावर विश्वास नव्हता.

"चारावर चोर कळंल का तिला?"

"कळेल, मामा."

"तपासून बघाय पायजे."

त्या दुपारी मी वर वह्या तपासत होते. मामा खाली गेले, खांद्यावरचा पंचा तोंडाला गुंडाळला, फक्त डोळे उघडे ठेवले आणि आपल्याच गाडीचं हँडल धरून गदागदा हलवायला लागले. चारावर भोंगा उत्तम वाजला. अडचण एवढीच, की त्या दिवशी वॉचमन नवा होता. त्याची पहिलीच ड्युटी. त्यानं मागून येऊन मामांना कमरेला अशी मिठी मारली की त्यांचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले.

भोंगा थांबेना म्हणून मी खाली धावले. बघते तर वॉचमन मामांना उचलून उभा, मामा हवेत, पंचा अर्धा सुटलेला, आणि तोंडभर हसू.

"सोडू नगंस!" ते वॉचमनला सांगत होते. "शाब्बास! आस्संच धरायचं. खालनं पाय मारंल तो, तिकडं ध्यान ठेव."

"मॅडम, चोर आहे," वॉचमन धापा टाकत म्हणाला, "पण वेडा वाटतोय."

"ते माझे सासरे आहेत," मी म्हणाले.

त्यानं मामांना इतक्या हळू खाली ठेवलं, जसं काही काचेचं भांडं. मामांनी त्याला वर आणलं, मला चहा टाकायला लावला आणि त्याला चोर धरायची आणखी एक पद्धत शिकवून ती आपल्यावरच करायला लावली. या वेळी सोफ्यावर.

खरी हकिकत पुढच्या महिन्यातली. मला सीवूड्स स्टेशनजवळच्या मॉलमधून चादरी घ्यायच्या होत्या. मामांनी गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला लावली. तिथं नो पार्किंगचा फलक होता. मी म्हटलं, "मामा, इथं नको." ते म्हणाले, "पाच मिन्टाचं काम हाय. आन् भोंगा हाय की."

आम्ही चादरींची घडी उघडून बघत होतो आणि बाहेरून तो आवाज आला. गिरणी आणि कोंबडा. मामांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, घाबरण्याच्या आधी तो माणूस खूश झाला.

"चोर!" ते ओरडले आणि चादर खांद्यावर तशीच टाकून पळाले. मी दुकानदाराला हात जोडले, दारात मामांच्या खांद्यावरून चादर ओढून परत केली आणि मागे धावले.

बाहेर वाहतूक पोलिसांची टोइंगची गाडी निघाली होती. मागे सात-आठ झकपक बाइका आणि त्यांच्यात आमची, दोरीनं बांधलेली, इंडिकेटर मारत. भोंगा अर्धं मिनिट वाजून थांबायचा. पण खड्डा आला की पुन्हा सुरू. सगळा रस्ता वळून बघत होता.

आम्ही रिक्षा धरली. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं?"

"त्या आवाजाच्या मागं," मामा म्हणाले.

रिक्षावाल्यानं दोन्ही सिग्नलला इंजिन बंद करून कान दिले आणि बरोबर चौकीसमोर नेऊन सोडलं. आत एक हवालदार दोन्ही कानांत बोटं घालून उभा होता. मामांना रिमोट हातात घेऊन येताना बघताच तो ओरडला, "काका, आधी ते बंद करा! पावतीचं मग बघू!"

मामांनी बटण दाबलं. एकदम शांत झालं. तिथं बांधलेला कुत्रासुद्धा बसला.

"साहेब," मामांनी अगदी नम्रपणे विचारलं, "येवढ्या नव्या गाड्या हुत्या. आमची कशी काय उचलली?"

हवालदाराला प्रश्नाचा रोख कळला नाही. "पहिली तीच दिसली, काका. रस्त्यात सगळ्यात पुढं होती."

"पैली तीच," मामा माझ्याकडे वळून म्हणाले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि नवऱ्याला लावला. तो कामावर होता. "गाडी उचलून नेली हुती," त्यांनी सांगितलं, "पोलिसांनी नेली. सगळ्यात पैली. बरं, तू जेवलास का?" आणि फोन ठेवला. नवऱ्यानं घाबरून मला चार वेळा फोन केला.

पावती फाडता फाडता हवालदार साताऱ्याच्याच कोरेगाव तालुक्यातला निघाला. मग काय, अर्धा तास आम्ही तिथंच. मला प्लास्टिकची खुर्ची मिळाली. मामांच्या बसमधून तो कॉलेजला जायचा की नाही यावर दोघांचा बराच काथ्याकूट झाला. शेवटी जात असावा असं ठरलं. निघताना त्यानं विचारलं, हा अलार्म त्याच्या बुलेटला बसेल का. मामांनी डायरी काढली आणि वायरींचं चित्र त्याला उतरवून दिलं.

हे ग्रुपवर कसं पसरलं माहीत नाही. मी टाकलं नव्हतं. पण त्यानंतर लोक मामांकडे अलार्म लावून घ्यायला यायला लागले. बसवायचं काम शिरवण्याचा वायरमन करतो. सेटिंग मामा करतात. आवाज कुठला, आकडा किती, रिमोट कुठं ठेवायचा. गेल्या रविवारी खुद्द सेक्रेटरी नवी स्कूटर घेऊन दारात उभे होते. मामांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, सहाही आवाज ऐकवले आणि त्यांची प्रकृती, हुद्दा, सगळं विचारात घेऊन लहान मूल किंचाळल्यासारखा दुसरा आवाज निवडून दिला.

"जरा किरकिरा हाय," ते त्यांना समजावत होते, "पण तुमास्नी शोभंल."