टपावरून उतरलेला डबल बास

मारोती मुनेश्वर घाटंजीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता, पण तालुका त्याला ओळखे तो डबल बासवाला म्हणून. माणसाहून उंच, ढेरपोटं, चार जाड तारांचं ते वाद्य. व्हायलिनचा आजा म्हणा ना! उभं राहूनच वाजवावं लागे. आवाज असा खोल, की कानाच्या आधी छातीला कळे. पोरंसोरं त्या वाद्याला रेडा म्हणत.

बास मारोतीकडे आला त्याचीही गंमतच. बाहत्तर साली मारोती कामासाठी नागपूरला गेला असताना रेल्वे कॉलनीतला एक म्हातारा बँडवाला सामान आवरून मुलाकडे परदेशी चालला होता. डबल बास न्यायचा कसा, या विवंचनेत तो ओट्यावर बसलेला. विशीतल्या मारोतीने आपली सायकल दिली, हातातलं घड्याळ दिलं आणि ते धूड घेतलं. म्हाताऱ्याने तीन दिवस शिकवलं. पुढचं मारोती आपलं आपणच शिकला.

त्याचा साळा धम्मरत्न भीमगीतं गायचा. बायको कांताबाईचा हा धाकटा भाऊ. आवाज असा, की माईक बंद पडला तरी मागच्या बाईला शब्द कळावा. दोघांची गायन पार्टी जमली. जयंती असो, लग्न असो, बास एस.टी.च्या टपावर दोरखंडाने बांधायचा आणि निघायचं. कंडक्टर म्हणायचा, "याचं फुल तिकीट लागते बरं का!" उन्हात तापला, पावसात भिजला, एकदा तार तुटली तर मारोतीने सायकलच्या ब्रेकची वायर चढवली. धम्मरत्नचा सूर वर चढला, की खालून मारोती त्याला खांदा देई. असं तीस वर्षं चाललं.

मग कापसाचे वाईट दिवस आले. जिनिंग वर्षातून तीन-चार महिनेच चालू लागलं. गावागावांची वर्गणी आटली, तसे कार्यक्रमही कमी झाले. तरी पार्टी टिकून होती.

दोन हजार तीनच्या जयंतीला पांढरकवड्यात कार्यक्रम झाला. तो आटोपल्यावर एक चष्मेवाला मंचावर आला. नागपुरात जुनी वाद्यं दुरुस्त करून विकण्याचा त्याचा धंदा. त्याने बासच्या भोकातून आत बॅटरी मारली, बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाला, "काका, हा जर्मनीचा आहे. शंभरेक वर्षांचा. आत चिठ्ठी चिकटवलेली दिसते. वीस हजार देतो."

मारोतीला वाटलं, हा मस्करी करतो. जिनिंगचा अख्खा हंगाम राबून तेवढे हाती लागत नव्हते. त्याने नाही म्हटलं. "नका देऊ," चष्मेवाला हसला. "असला माल आता मिळत नाही. मुंबईचे लोक शोधत फिरतात. दरवर्षी भाव चढणारच. फक्त ऊनपाऊस लागू देऊ नका. एक भेग गेली, की भाव अर्धा."

ते शेवटचं वाक्य मारोतीच्या मनात रुतलं ते रुतलंच.

घरी आल्यावर त्याने आतली खोली रिकामी केली. बास गोधडीत गुंडाळून तिथे उभा केला आणि दाराला कुलूप लावलं. आठवड्यातून एकदा तो आत जाई, धूळ पुशी. तारेला बोट मात्र लावीत नसे. पार्टीत कोणाचा तरी कीबोर्ड आला. लोक विचारत, रेडा कुठं गेला? मारोती म्हणे, आराम करून राह्यला.

पुढच्या वर्षी धम्मरत्न घरी आला. चेहरा फुललेला. "भाऊजी, उमरखेडचा एक जण आपली कॅसेट काढून राह्यला. दोन दिवसांचं काम हाय. बास पायजेच."

"नेतो कसा? टपावर?"

"टपावर नाई. टेम्पो करतो. खाली गादी टाकतो, अन् मी सोता धरून बसतो."

"अन् भेग गेली तं? दोन वर्षं थांब, धम्मा. भाव चढून राह्यला. इकला का पार्टीले नवं सामान घेऊन देतो."

"मले सामान कायले पायजे?" धम्मरत्न उठून उभा राहिला. "मले तुमी पायजे, भाऊजी."

किल्ली मारोतीच्या खिशातच राहिली. धम्मरत्न चहा न घेताच गेला. कांताबाई चुलीपासून एवढंच बोलली, "माह्या भावापरीस लाकूड मोठं झालं तुमाले."

कॅसेट कीबोर्डवर निघाली. घाटंजीच्या बाजारात ती वाजायची, तेव्हा मारोती रस्ता बदलायचा. गाण्यात आपला बास जिथे असायला हवा होता त्या जागा त्याला बरोबर ऐकू येत.

दोन हजार सहाला धम्मरत्नच्या तोंडातली जखम भरेना. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्याच्या तोंडातून सुटला नव्हता कधी. नागपूरला कॅन्सर निघाला. बातमी आली त्याच दिवशी मारोतीने चष्मेवाल्याला फोन केला. तो गाडी घेऊन आला आणि त्याने साठ हजार मोजून दिले. चष्मेवाल्याच्या माणसांनी गोधडीसकट बास उचलला. मारोती म्हणाला, "थांबा जरा." गोधडी बाजूला करून त्याने एक तार छेडली. तार उतरलेली होती, सूर भलताच निघाला. तो जुळवायला घ्यावा इतका वेळ त्या लोकांना नव्हता.

ते पैसे ऑपरेशनला लागले. धम्मरत्न वाचला. पण जीभ अर्धी गेली, गाणं गेलं. बोललेलंही बायकोशिवाय कोणाला उमजेना.

गावातले लोक मारोतीला म्हणत, "भाऊ, राखून ठेवला म्हणून तं कामी आला! तवाच इकला असता तं एवढे भेटले असते का?" खोटं नव्हतं ते. मारोती मान हलवी. पण तीस वर्षं दोघांनी मिळून जे वाजवलं, गायलं, त्यातलं एक मिनिटही कुठे रेकॉर्ड होऊन उरलं नव्हतं, आणि कॅसेटमुळे उरलं असतं तेही आपल्या कुलपापायी राहिलं, हे त्याला कोणापुढे मांडता येत नसे.

एका दुपारी तो धम्मरत्नकडे गेला. दोघे ओसरीत बसले. मारोती म्हणाला, "धम्मा, तवा तुले बास द्याले पायजे होता मी. माह्यंच चुकलं."

धम्मरत्नने त्याच्याकडे पाहिलं. मग हात हवेत हलवला आणि बायकोला चहा ठेवायची खूण केली. जाऊ द्या म्हणाला, की तो विषय काढू नका म्हणाला, हे मारोतीला शेवटपर्यंत कळलं नाही. चहा आला. यावेळी दोघांनीही तो घेतला.